ब्लाइंड फेथ: अल्बम नंबर एकवर आणि बँड गायब

२० सप्टेंबर १९६९ चा आठवडा. अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरवर ब्लाइंड फेथ या इंग्लिश रॉक बँडचा अल्बम, आणि इंग्लंडच्या यादीतही पहिल्या नंबरवर तोच, दोन्हीकडे दोन-दोन आठवडे टिकला. आणि ज्या बँडचा हा अल्बम त्या बँडचा शेवटचा शो २४ ऑगस्टलाच होनोलुलूला होऊन गेलेला, मंडळी आपापल्या वाटेला लागलेली. पहिला शो ७ जूनला, शेवटचा २४ ऑगस्टला. म्हणजे स्टेजवरचं आयुष्य अडीच महिने, तालमी-रेकॉर्डिंग धरलं तरी जेमतेम सात-आठ महिने. एक अल्बम, सहा गाणी, इंग्लंडमध्ये एकुलता एक कार्यक्रम, संपला विषय.

सुपरग्रुप, म्हणजे आधीच गाजलेल्या वादकांनी मिळून काढलेला बँड, म्हटलं की लोक लगेच इगोवर जातात, मोठी माणसं एकत्र आली की भांडणारच वगैरे. पण या प्रकरणात मजा अशी की म्हणावं असं भांडण झालंच नाही. कोणी कोणावर केस टाकली नाही, ड्रेसिंग रूममध्ये बाटल्या फुटल्या नाहीत, उलट नंतरही हे लोक एकमेकांसोबत वाजवत राहिले. मग झालं काय? माझ्या मते सगळा घोळ क्रमाचा आहे, म्हणजे आधी काय करायचं आणि नंतर काय ते पूर्ण उलटं झालं, आणि ज्यांना ते दिसत होतं ते गप्प बसले. ते कसं, ते जरा सविस्तर बघू.

कोण कुठून आलं

गिटारवाला एरिक क्लॅप्टन तेव्हा २३-२४ चा. लंडनच्या भिंतीवर कोणीतरी 'क्लॅप्टन देव आहे' असं रंगवून ठेवलेलं, ते सगळ्यांना माहितीच आहे. १९६६ पासून तो क्रीम या तिघांच्या बँडमध्ये होता, जॅक ब्रूस बेसवर, जिंजर बेकर ड्रम्सवर. क्रीम पण तशी सुपरग्रुपच होती, फक्त तेव्हा तो शब्द इतका चलनात नव्हता. ब्रूस आणि बेकर यांचं वाकडं क्रीमच्याही आधीपासूनचं, ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये होते तेव्हापासून, अगदी मारामारीपर्यंत, आणि क्लॅप्टन बिचारा मध्ये. पैसा मात्र बख्खळ. १९६८ मध्ये त्यांचा डबल अल्बम अमेरिकेत एक नंबरला गेलेला, मोठमोठी हॉल भरत होती, आणि वाजवणं दिवसेंदिवस लांबत चाललेलं, प्रत्येक जण आपापला सोलो, म्हणजे एकट्याचा तुकडा, ओढतोय, बाकीच्या दोघांकडे कोणाचं लक्ष नाही.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे रोलिंग स्टोन या मासिकात जॉन लँडाउने क्रीमच्या एका शोबद्दल लिहिलं की क्लॅप्टन ब्लूजची तीच ती घासलेली वाक्यं वाजवतोय, आणि ते त्याला फार लागलं कारण आतून त्यालाही तेच वाटत होतं. दुसरं म्हणजे 'द बँड' असंच नाव असलेल्या गटाचा पहिला अल्बम त्याच्या हाती लागला. त्यात सोलोबाजी नाही, पाच जण एकमेकांना जागा देत गाणं पुढे नेतायत, आणि हा ऐकून हबकला. आपण करतोय ते चुकीचं असं त्याला वाटायला लागलं. एवढा भारावला की अमेरिकेतल्या वुडस्टॉक गावी जाऊन त्यांना भेटून आला, आपल्याला घेतात का या आशेने, पण विचारायची हिंमत झाली नाही म्हणे. २६ नोव्हेंबर १९६८ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीमचा निरोपाचा कार्यक्रम झाला आणि क्लॅप्टन सरे परगण्यातल्या हर्टवूड एज नावाच्या आपल्या नव्या घरात जाऊन बसला.

गायक आणि कीबोर्डवाला स्टीव्ह विनवूड त्याहून तीन वर्षांनी लहान. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच स्पेन्सर डेव्हिस ग्रुपमध्ये असा गायचा की रेडिओवर ऐकणाऱ्याला वाटायचं कोणी अमेरिकेतला चाळिशीचा काळा गायक आहे. मग १९६७ मध्ये ट्रॅफिक नावाचा बँड काढला, बर्कशरमधल्या ॲस्टन टिरोल्ड गावात एक कॉटेज घेऊन सगळे तिथेच राहून गाणी करायचे. १९६९ च्या सुरुवातीला तोही बंद पडला. क्लॅप्टन आणि विनवूड अनोळखी नव्हते, १९६६ मध्ये पॉवरहाउस नावाखाली दोघांनी थोडं रेकॉर्डिंग केलेलं, आणि तेव्हा विनवूडचं नाव करारामुळे स्टीव्ह अँग्लो असं छापलेलं.

तर आता दोघे बेकार, दोघेही आपापल्या बँडला विटलेले, आणि घरं गाडीने जाण्याइतकी जवळ. क्लॅप्टन त्या कॉटेजवर जायला लागला. दोघे बसायचे, जॅम करायचे, म्हणजे काही न ठरवता सुचेल तसं वाजवायचे, सिगरेटी ओढायचे, ना बँडचं नाव, ना मॅनेजर, ना तारीख. या प्रकरणातला सगळ्यात सुखाचा काळ हाच, आणि तो असाच अजून सहा महिने चालला असता तर पुढचं काहीतरी वेगळं झालं असतं असं मला राहून राहून वाटतं.

दारात जिंजर

मग एक दिवस कॉटेजच्या दारात जिंजर बेकर उभा. विनवूडचा चेहरा खुलला, क्लॅप्टनच्या पोटात गोळा आला, हे क्लॅप्टनने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. कारणं दोन-तीन होती. बेकर हेरॉइनच्या नादातला माणूस, त्याची कटकट क्लॅप्टनने दोन-अडीच वर्षं सोसलेली. शिवाय बेकर आला की तिघांपैकी दोघे क्रीमचे, मग लोक याला क्रीम नंबर दोन म्हणणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि जॅक ब्रूसला काय वाटेल हा प्रश्न होताच, त्याला वगळून दोघांनी नवीन बँड काढायचा म्हणजे.

पण विनवूडचं म्हणणं साधं होतं की असा ड्रमर दुसरा कुठे मिळणार आहे. आणि खरंच आहे ते, जॅझमधून आलेला, दोन बास ड्रम वाजवणारा, आफ्रिकन तालाचा नाद असलेला असा माणूस १९६९ च्या लंडनमध्ये दुसरा नव्हता. क्लॅप्टन हो म्हणाला. नाही म्हणायला हवं होतं का? संगीताच्या दृष्टीने नाही, अल्बम ऐका, ड्रम्स अप्रतिम आहेत. पण धंद्याच्या दृष्टीने त्या दिवशी या बँडचं भविष्य ठरलं, कारण दोन मित्रांचं जॅमिंग होतं ते एका झटक्यात क्रीमचा वारस झालं, आणि क्रीमच्या वारसाला बाजारात भाव होता.

बेसला मग फॅमिली या बँडमधला रिक ग्रेच घेतला, फॅमिली अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच तो त्यांना सोडून आला, त्यांचे काय हाल झाले असतील ते बघा. ग्रेच बेस आणि व्हायोलिन दोन्ही वाजवायचा. चौघांत सगळ्यात कमी नाव असलेला हाच, आणि सुपरग्रुपच्या बातम्यांत त्याचं नाव कायम शेवटी, कधी कधी तर विसरलेलंच.

पोहे खायच्या आत हॉल बुक

आता मॅनेजर लोक. क्लॅप्टन आणि बेकरचा मॅनेजर रॉबर्ट स्टिगवूड, ऑस्ट्रेलियाचा, बी जीज हा बँड पण त्याच्याकडेच. विनवूडच्या मागे आयलंड रेकॉर्ड्सचा क्रिस ब्लॅकवेल. क्रीम बंद पडल्यामुळे स्टिगवूडची चालती मोटार थांबलेली, त्यामुळे नवीन बँड कळल्याबरोबर दौऱ्याची आखणी सुरू झाली. इकडे मुलगा-मुलगी अजून एकमेकांशी नीट बोललेले नाहीत, कांदेपोहे बशीतच आहेत आणि तिकडे हॉल बुक, पत्रिका छापून तयार, असला प्रकार.

रेकॉर्डिंग फेब्रुवारीत लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत सुरू झालं आणि पुढे ऑलिम्पिक स्टुडिओत गेलं. सुरुवातीला नुसते जॅम, लांबच लांब, २००१ मध्ये निघालेल्या दोन सीडींच्या आवृत्तीत त्यातले काही आहेत, आणि ते ऐकताना समजतं की चौघे अजून एकमेकांचा अंदाज घेतायत. वाजवतायत छान, पण गाणं कुठेय? शेवटी जिमी मिलरला प्रोड्युसर म्हणून आणलं, ट्रॅफिकचे अल्बम त्यानेच केलेले आणि त्याच सुमारास रोलिंग स्टोन्स या बँडचेही करत होता, त्याने जरा शिस्त लावली तेव्हा कुठे सहा गाणी पूर्ण झाली. त्यातली तीन विनवूडची, एक क्लॅप्टनचं, एक बडी हॉली या रॉक गायकाचं जुनं, आणि एक बेकरचं पंधरा मिनिटांचं ज्यात प्रत्येकाला सोलो. म्हणजे नवीन नीट बांधलेली गाणी मोजून चार. चार गाण्यांवर अमेरिकेचा दौरा.

नावाची गोष्टही ऐका. क्लॅप्टनचा फोटोग्राफर मित्र बॉब सायडमन, त्याने कव्हरसाठी काढलेल्या फोटोचं नाव ब्लाइंड फेथ, तेच बँडने घेतलं. तो फोटो एका अल्पवयीन मुलीचा होता, कपड्यांशिवाय, आणि तो तेव्हाही चुकीचा होता आणि आजही आहे, कला वगैरे म्हणून त्याची बाजू घेणारे अजून भेटतात त्यांचं मला काही पटत नाही. अमेरिकेत बँडचा साधा फोटो असलेलं दुसरं कव्हरही काढावं लागलं. पण नाव मात्र चपखल बसलं, आंधळा विश्वास, कारण अल्बम यायच्या आधीच लोक आणि धंदेवाले दोघेही डोळे मिटून पैसे लावत होते.

हाइड पार्क

७ जून १९६९, लंडनचा हाइड पार्क, फुकट कार्यक्रम. लाखभर माणूस. डोनोव्हन, रिची हेवन्स, थर्ड इअर बँड, एडगर ब्रॉटन बँड हे आधी वाजवून गेलेले. ब्लाइंड फेथचा हा पहिलाच कार्यक्रम, आणि अल्बम अजून बाजारात नाही, म्हणजे समोरच्या लाख लोकांपैकी बहुतेकांनी ही गाणी आयुष्यात ऐकलेली नाहीत.

याचं चित्रीकरण आहे, २००६ मध्ये डीव्हीडी आली, जमलं तर नक्की बघा कारण पूर्ण केसच तिथे दिसते. क्लॅप्टनच्या हातात टेलिकास्टर गिटार, तिला स्ट्रॅटोकास्टर या दुसऱ्या मॉडेलची मान लावलेली, आणि तो अँपच्या जवळ मागे उभा, शक्यतो कोणाच्या नजरेत यायचं नाही अशा बेताने. विनवूड पुढे कीबोर्डवर, गातोय जीव तोडून. बेकर मागे हसतोय. नवीन गाणी कमी म्हणून स्टोन्सचं एक गाणं घेतलंय, एक जुना ब्लूज घेतलाय. वाजवणं वाईट नाही हो, पण सांभाळून आहे, चौघे तालमीत असल्यासारखे. आणि गर्दी? गर्दी प्रत्येक गोष्टीला टाळ्या देतेय.

क्लॅप्टनला नेमकं हेच खुपलं. त्याचं मत असं की आपण सुमार वाजवलं आणि तरी लोक डोक्यावर घेतायत, म्हणजे क्रीमच्या शेवटी जे चाललेलं तेच परत, काहीही वाजवा, टाळ्या ठरलेल्या. ज्या कारणासाठी त्याने आधीचा बँड सोडला तेच कारण नव्या बँडच्या पहिल्याच दुपारी समोर उभं. मला वाटतं तो मनाने त्याच दिवशी बाहेर पडला, शरीराने ऑगस्टपर्यंत राहिला.

इथे कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं की थांबा, दौरा पुढे ढकला, सहा महिने गाणी करू. तालीम कमी पडलीय हे क्लॅप्टनला कळत होतं, अमेरिकेला जायची त्याची इच्छा नव्हती. पण बोलला नाही, म्हणजे पाय रोवून बोलला नाही. त्याचा स्वभावच तसा, नकोसं झालं की भांडायचं नाही, हळूच निघून जायचं, यार्डबर्ड्स या त्याच्या जुन्या बँडपासून तेच. लोक सगळा दोष स्टिगवूडला देतात, पण मॅनेजरचं कामच शो विकणं आहे, नाही म्हणणं हे वाजवणाऱ्याचं काम, आणि चौघांपैकी एकानेही ते केलं नाही.

त्याच उन्हाळ्यात समोर दुसरं उदाहरण होतं. क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश, हेही तिघे मोठ्या बँडमधून आलेले. त्यांनी अल्बम आधी काढला, मेच्या शेवटी, लोकांनी तो घरी बसून पाठ केला, आणि मग ऑगस्टच्या मध्यात पहिला कार्यक्रम शिकागोला आणि दुसरा थेट वुडस्टॉक महोत्सवात, तोपर्यंत नील यंगही सामील झालेला. ते लोक भांडायचे ब्लाइंड फेथपेक्षा दहापट, तरी पुढे अनेक दशकं तुटत-जुळत राहिले. त्यांच्याकडे परत यायला गाणी होती, लोकांच्या ओठावरची.

अमेरिका

जूनमध्येच फिनलंड, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क असा छोटा दौरा झाला. तो बरा गेला, छोटे हॉल, कमी आवाज. मग १२ जुलैला न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वीस हजार लोक, शेवटी गर्दी स्टेजकडे घुसली, पोलिस मध्ये पडले, त्या धुमश्चक्रीत बेकरला चाहता समजून पोलिसानेच डोक्यात दंडुका घातला आणि विनवूडचा पियानो मोडला. सुरुवातच अशी.

पुढचे सहा आठवडे साधारण एकच गोष्ट रोज. आपली नवीन गाणी वाजवली की तासाभरात संपायची. मग काय करणार, क्रीमची वाजवा, ट्रॅफिकची वाजवा. आणि ती वाजली की पब्लिक वेडं व्हायचं, नव्या गाण्यांना नुसतं सभ्य. म्हणजे ज्या गाण्यांपासून पळून हा बँड काढला तीच गाणी रात्री सगळ्यात जास्त दाद घेतायत. विनवूडसारख्या माणसाला, जो कॉटेजमध्ये बसून हळुवार गाणी बांधायचा, त्याला एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये त्या काळच्या साउंड सिस्टिमवर गायचं म्हणजे शिक्षाच, निम्मा आवाज तर घुमण्यात जायचा.

आणि याच दौऱ्यावर ओपनिंगला डेलनी अँड बॉनी होते. अमेरिकेतलं नवराबायकोचं जोडपं, सोल आणि गॉस्पेल गाणारे, सोबत मित्रांचा मोठा घोळका, नाव फारसं कोणाला माहीत नाही म्हणून अपेक्षाही नाहीत. हे रोज आधी येऊन मजेत वाजवून जायचे. क्लॅप्टन त्यांच्या प्रेमातच पडला. आपल्या बँडसोबत फिरायचं सोडून त्यांच्या बसमधून प्रवास करायला लागला, कधी त्यांच्याबरोबर स्टेजवरही चढायचा. द बँडमध्ये त्याला जे दिसलेलं ते इथे त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेलं होतं. इकडे विनवूड, बेकर, ग्रेच एका गाडीत आणि चौथा माणूस दुसऱ्याच बसमध्ये गाणी म्हणतोय. बँड फुटला कधी असं विचारलं तर तारीख नाही सांगता येत, पण बस सांगता येते.

२४ ऑगस्टला होनोलुलू झालं. मोठी घोषणा नाही, पत्रकार परिषद नाही, कोणी पुढची तारीखच घेतली नाही एवढंच. आणि अल्बम तेव्हा कुठे वर चढायला लागलेला.

नंतर कोणी काय केलं

क्लॅप्टन वर्षाच्या शेवटी डेलनी अँड बॉनीसोबत नुसता गिटारवाला म्हणून फिरला, काही शोला बीटल्सचा जॉर्ज हॅरिसनही होता. मग १९७० मध्ये त्यांचेच वादक घेऊन डेरेक अँड द डॉमिनोज काढला, आणि यात त्याने काय केलं बघा, बँडच्या नावात स्वतःचं नाव नाही, इंग्लंडमध्ये सुरुवातीला छोट्या क्लबांत वाजवायचं, जाहिरातीत क्लॅप्टन छापायचं नाही. हाइड पार्कच्या बरोबर उलटं. तो बँडही फार टिकला नाही, पण त्याची कारणं वेगळी, आणि त्यातून निघालेला डबल अल्बम त्याचं सगळ्यात चांगलं काम आहे असं माझं आणि बऱ्याच जणांचं मत.

विनवूडने स्वतःचा सोलो अल्बम करायला घेतला आणि जुने मित्र येत गेले तशी ती परत ट्रॅफिकच झाली. बेकरने एअर फोर्स नावाची दहा-बारा जणांची फौज उभी केली, जानेवारी १९७० मध्ये अल्बर्ट हॉलला वाजवलं, त्यात विनवूड आणि ग्रेच दोघेही होते. पुढे तो नायजेरियात लागोसला जाऊन राहिला, तिथल्या फेला कुटी या संगीतकाराबरोबर वाजवलं, तो एक स्वतंत्र लेख होईल. ग्रेच काही काळ ट्रॅफिकमध्येही होता, नंतर संगीतातून बाहेर पडला आणि १९९० मध्ये लेस्टरला ४३ व्या वर्षी गेला. या प्रकरणात सगळ्यात मोठी किंमत त्याने मोजली, कारण बाकी तिघांकडे परतायला काहीतरी होतं, हा चालता बँड सोडून आला होता. बेकर २०१९ मध्ये गेला.

आणि क्लॅप्टन-विनवूड? जानेवारी १९७३ मध्ये द हू या बँडच्या पीट टाउनशेंडने क्लॅप्टनला हेरॉइनमधून बाहेर काढायला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये कार्यक्रम ठेवला, त्यात विनवूड आणि ग्रेच दोघेही आले. मग बरीच वर्षं गेली आणि २००७ च्या क्लॅप्टनच्याच क्रॉसरोड्स गिटार फेस्टिवलमध्ये दोघांनी एकत्र वाजवलं, ते इतकं जमलं की फेब्रुवारी २००८ मध्ये तीन रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डन, हो तेच, पियानो मोडलेलं. त्या रेकॉर्डिंगची सुरुवात ब्लाइंड फेथच्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्याने होते. आता मात्र सगळ्या हॉलला ती गाणी पाठ होती.

ऐकायचं असेल तर माझा सल्ला, आधी मूळ अल्बमची पहिली बाजू ऐका, चार गाणी. दुसऱ्या गाण्यात क्लॅप्टन ॲकॉस्टिक गिटारवर आहे आणि विनवूड वरच्या पट्टीत गातोय, चौथं क्लॅप्टनने लिहिलेलं पण गायलंय विनवूडने, मधे अचानक लय बदलून वा-वा पेडलवरचा सोलो येतो. मग हाइड पार्कची डीव्हीडी, आणि मग २००८ वालं. बेकरचं पंधरा मिनिटांचं सगळ्यात शेवटी, आणि तेही ड्रम्सची आवड असेल तरच.